दयाराम डॉक्टरांचा थर्मास

मित्रांनो, मी एक जुना थर्मास आहे. चहाचा नव्हे बरं का! माझं तोंड रुंद, पोटात काचेची दुहेरी भिंत आणि अंगावर हिरवा पत्रा. महाराष्ट्र राज्य नवं नवं झालं होतं, तेव्हा डॉक्टर दयारामांनी मला नागपुरात विकत घेतलं. औषधं बर्फात ठेवून खेडोपाडी न्यायची, हे माझं काम. बाहेर ऊन मी म्हणत असे आणि मी पोटात थंडी धरून ऐटीत मिरवत असे.

डॉक्टर पिंपळगाव राजा या गावचे. एका उन्हाळ्यात तिथे काविळीने ठाण मांडलं. कुणी डोक्यावर काविळीची माळ चढवली, कुणी चुन्याच्या पाण्याने हात धुतले. डॉक्टरांचे वडील जानरावही पिवळे पडले. तेव्हा डॉक्टर मला काखेत घेऊन गावी आले. माझ्या पोटात लाल पट्टीच्या आणि निळ्या पट्टीच्या बाटल्या होत्या. एकीत कावीळ टाळण्यासाठी टोचायचं नवं औषध, दुसरीत नुसतं मिठाचं पाणी. कोणती कशाची, हे फक्त नागपूरच्या मोठ्या डॉक्टरांना ठाऊक. आजाऱ्याच्या घरातल्या धडधाकट माणसांना आलटून पालटून टोचायचं आणि कावीळ कुणाला होते ते पाहायचं. औषध पारखण्याची ती रीत होती.

डॉक्टरांच्या आईला, जनकाबाईंना, ती रीत मुळीच पटली नाही. पंगतीत एकाला तूप आणि शेजारच्याला कोरडं वाढलं, तर त्याला पंक्तिप्रपंच म्हणतात. तसं करणं पाप समजतात.

"काऊन रे दयाराम," त्या कडाडल्या, "एकाले औषध अन् एकाले पाणी? लोकांनं आपल्याले जातीपायी पंगतीतून उठवलं, अन् आता तूच पंक्तिप्रपंच करून राह्यला?"

"माय, सगळ्यायले सांगूनच टोचतो. असं केल्याबिगर औषध खरं का खोटं, ते समजत नाही."

"मंग पंचफुलेले तरी खरी बाटली दे! दोन जीवांची हाये थे."

पंचफुला ही डॉक्टरांची धाकटी बहीण, पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आलेली. गरोदर बाईला कावीळ झाली तर जिवावर बेततं, हे डॉक्टर पुरतं जाणून होते.

"कोणती खरी, हे मलेबी मालूम नाही, माय."

पंचफुलाच हसून म्हणाली, "दे नं भाऊ, माह्या वाट्याले येईन थे."

डॉक्टरांनी माझ्यात हात घातला. बाटली निळी निघाली.

जानराव बरे झाले. पंचफुला मात्र पिवळी पडली आणि बाळासकट गेली. मी ओसरीवर उघडाच पडून होतो. बर्फाचं पाणी झालं तरी कुणाचं लक्ष नव्हतं. जनकाबाई लेकाशी बोलेनाशा झाल्या.

साथ ओसरल्यावर नागपूरहून कळलं, निळी बाटलीच खरी होती! पण लालवाले आणि निळेवाले सारखेच पिवळे झाले होते. औषध कामाचं नव्हतं. मग डॉक्टर पाण्याच्या मागे लागले, तेव्हा विहिरीत नाल्याची घाण झिरपते आहे हे सापडलं. आईच्या पायाशी बसून ते रडले. "माय, सगळ्यायले निळीच टोचली असती, तर मी तिच्यावरच इसंबून राह्यलो असतो. पाण्याकडं पाह्यलंच नसतं."

जनकाबाईंनी लेकाच्या डोक्यावर हात ठेवला.

पुढची सारी वर्षं डॉक्टरांनी काविळीच्या शोधात घालवली. उंद्री, दुसरबीड, कुठे कुठे हिंडलो आम्ही! त्यांना मान मिळाला, मोठ्या बर्फाच्या पेट्या मिळाल्या आणि मी अडगळीत गेलो. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

पण जनकाबाईंनीच मला बाहेर काढलं. उकळत्या पाण्याने विसळलं, उकळून गार केलेलं पाणी भरलं आणि गरोदर बायांसाठी ओट्यावर ठेवलं. दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात, असं म्हणून काही जणी हसल्या. पुन्हा कावीळ आली, तेव्हा हसू थांबलं.

मित्रांनो, माझा पत्रा आता गंजला आहे. मला जपलं नाही तरी चालेल. पाणी मात्र जपा, उकळून प्या, आणि देताना माणूस पाहू नका.

त्या दुसऱ्या साथीत एके दिवशी वरच्या आळीच्या सुभद्राबाई गरोदर सुनेला घेऊन आल्या आणि अंगणातच अडखळल्या. या घरचं पाणी त्यांनी जन्मात घेतलं नव्हतं. जनकाबाईंनी माझं झाकण उघडलं, पेला भरला आणि पुढे केला.

"घे बाई," त्या म्हणाल्या. "या पंगतीत सगळ्यायले एकच हाये."