मुक्कामी ड्युटी

"कायमची?" नत्थुजींनी पेन खाली ठेवलं. "अबे, मुक्कामी गाडी टाळ्यासाठी लोकं मले चहा पाजतात. अन् तू मांगून घेऊन राहिला? घरी भांडण झालं काय?"

"नाई जी."

"मंग काहून?"

ड्रायव्हर नितेशने अर्ज पुढे सरकवला. डेपोतल्या ड्रायव्हर-कंडक्टरांच्या ड्युट्या लावता लावता नत्थुजींचे केस पिकले होते. संध्याकाळी गाडी घेऊन खेड्यात जायचं, तिथेच रात्र काढायची आणि पहाटे पहिली फेरी आणायची, ही ड्युटी हौसेने मागणारा माणूस त्यांनी पाहिला नव्हता. त्यांनी अर्ज ठेवून घेतला. "सायबांची सही उद्या घेतो. रातभर इचार कर."

विचार करण्यासारखं नितेशकडे काही उरलं नव्हतं. त्याचा अंकुर चार वर्षांचा. गेल्या उन्हाळ्यापासून रात्री साडेदहाच्या सुमारास तो किंकाळी फोडून उठून बसायचा. डोळे सताड उघडे, अंग घामाने भिजलेलं, छाती धडधडतेय, आणि ओळख मात्र कोणाचीच नाही. दामिनीने पोटाशी धरलं तर तिलाच लाथा मारायचा आणि तिच्याच मांडीवर "आई, आई" म्हणून टाहो फोडायचा. पंधरा-वीस मिनिटांनी आपोआप आडवा व्हायचा. सकाळी पठ्ठ्या चहात टोस्ट बुडवून खायला तयार, रात्रीचं काही म्हणजे काही आठवत नसे. आईबापांचे डोळे मात्र उजाडेपर्यंत मिटत नसत.

मीठ-मिरच्या ओवाळून झाल्या. दर्ग्यातला दोरा बांधून झाला. शेवटी अकोल्याच्या बालरोगतज्ज्ञांनी पाच मिनिटांत सांगितलं, "ओरडतो तेव्हा तो झोपेतच असतो. उठवू नका, दाबून धरू नका. पडणार नाही, लागणार नाही एवढं बघा. वय वाढेल तसं जाईल." दामिनीने मान डोलावली. नितेशला एक गोष्ट विचारायची होती, पण लाजेने जीभ उचलली नाही.

झालं होतं असं. पोळ्याच्या आदल्या रात्री तो डबल ड्युटी करून आला होता. डोळा लागला न लागला तोच पोरगं किंचाळलं. हाका मारल्या, हलवलं, पाणी मारलं, आणि मग जागं करायचं म्हणून त्याने एक चपराक लगावली. पोरगं त्यानेही जागं झालं नाही. सकाळी दामिनीने त्या गालाला खोबरेल लावलं. तेव्हा तीही बोलली नाही आणि हाही बोलला नाही.

त्यानंतर चारच दिवसांनी चोहोट्ट्याजवळ चालत्या गाडीत नितेशला डुलकी लागली. कंडक्टर कुंदन ओरडला म्हणून गाडी रस्त्यावर राहिली. हे कुंदनने घरी येऊन दामिनीलाही सांगितलं. पुढच्या आठवड्यात नितेशला मुक्कामी गाडी लागली. परत आल्यावर त्याने विचारलं, "रातचं कसं?"

"मस्त झोपला ना! हूं की चूं नाई," दामिनी म्हणाली.

पुढच्या वेळी तेच. त्याच्याही पुढच्या वेळी तेच. बाप घरात असला की पोरगं ओरडतं, बाप गेला की निवांत झोपतं. यात न समजण्यासारखं काय होतं? चार वर्षांच्या लेकराला बापाची भीती वाटावी, तीही झोपेत, जिथे माणसाला खोटं बोलता येत नाही! नितेशच्या मनाला ते फार लागलं. म्हणूनच आजचा अर्ज.

पण त्या संध्याकाळी मुक्कामाची गाडी हिवरखेडला पोचली आणि स्टँडवर निरोप मिळाला, पुढे पुलाचं काम निघालंय, गाडी माघारी न्या. साडेनऊला ते अकोटच्या डेपोत परत. कुंदनने सायकलवर टांग मारून घर गाठलं. नितेश डेपोतच चादर अंथरून पडला. मच्छरांनी फोडून काढलं तेव्हा त्याला वाटलं, घरी जाऊ, बाहेर ओट्यावरच झोपू. पोराला कळणारही नाही.

गल्लीत शेजारच्या बेबीताई पायरीवर बसल्या होत्या. तो चादर झटकतो तोच आतून किंकाळी आली. नितेशच्या हातातून चादर सुटली.

"रोजचीच येळ हाय त्याची," बेबीताई म्हणाल्या.

"रोजची? मी मुक्कामाले असतो तवाबी?"

"तवाबी म्हंजे? नागा नाई एक दिवस. मले बजावलं तिनं, त्यायले सांगू नका, त्यायच्या हातात पन्नास माणसाईचा जीव असते, तेवढं तरी झोपू द्या म्हणे."

नितेशने कडी वाजवली. दार उघडून दामिनी लगेच मागे धावली. पलंगाच्या कडेला आणि भिंतीला गोधड्या लावलेल्या होत्या, मधे अंकुर हातपाय झाडत होता. दामिनीचे केस सुटलेले, डोळे आत गेलेले. ही बाई इतकी वाळली कधी, हे त्याला कळलंच नव्हतं.

"तुमी कसे आले?"

"झोपते म्हणे ना तो?"

"तुमाले झोप यावी म्हणून बोलली."

"अन् मले वाटे, मलेच भेते. मी मारलं होतं त्याले."

"मालूम हाय. गाल मीच पायला." तिने अंकुरची लाथ हातावर झेलली. "पण ते पोळ्याच्या टायमाले. ओरडून तर उन्हाळ्यापासून राहिला ना हो!"

एवढी साधी गोष्ट. पण इतके महिने न झोपलेल्या डोक्यात ती शिरलीच नव्हती. नितेशला रडू आलं, आणि ते लपवायचंही त्राण त्याच्यात नव्हतं.

"मी आज कायमची मुक्कामी मांगून आलो," तो म्हणाला.

दामिनीने सरकलेली गोधडी परत भिंतीला लावली. "मांगा. अन् मी काय कायमची जागू?"

"अर्ज उद्या वापस घेतो. तू सरक तिकडं."

तो पलंगाच्या कडेला बसला. अंकुरने त्याच्या छातीवर, हनुवटीवर लाथा घातल्या. त्याने हात धरले नाहीत की नाव घेऊन हाक मारली नाही. हळूहळू लाथांचा जोर गेला आणि पोरगं कुशीवर वळलं.

"सकाळी तुमची गाडी हाय," दामिनी म्हणाली.

"दुपारची मांगतो नत्थुजीले फोन करून. जा तू. तिकडच्या खोलीत पड. एक रात तरी."

ती नको नको म्हणत गेली. दोन मिनिटांत तिकडून घोरण्याचा आवाज यायला लागला, चांगला मोठ्याने. लग्नाला सात वर्षं झाली होती, पण दामिनी घोरते हे नितेशला आज पहिल्यांदा कळलं. पोरगं उठेल म्हणून तो मधलं दार लोटायला गेला. दाराला हात लावून त्याने ते घोरणं ऐकलं आणि दार तसंच उघडं ठेवून परत येऊन बसला.