टेंभुर्ड्याच्या भिंतीवरचा पूर

टेंभुर्ड्याच्या सभागृहात शिरलं की चित्र डाव्या हाताला सुरू व्हायचं आणि चारी भिंती फिरून दाराच्या उजव्या चौकटीशी येऊन थांबायचं. एकशे दहा फूट, मध्ये कुठे खंड नाही. पहिल्या भिंतीवर गुजरातेतून आलेल्या, तापी ओलांडणाऱ्या बैलगाड्या. दुसरीवर प्रभातफेरी आणि झेंडा. तिसरीवर अडुसष्टचा पूर. चौथीवर केळी, ऊस, उपशाचे पाइप, ट्रॅक्टर. लग्नाच्या पंगतीत बसलेली माणसं जेवता जेवता भिंतीवर आपापले आजे-पणजे शोधायची, शेजारच्याला दाखवायची. गावच्या पोरांना गावाचा इतिहास तिथेच, पत्रावळीवर वाकून बसलेली असताना, कळत आला होता.

ते चित्र शहाद्याच्या मेहबूब पेंटरांनी एकोणऐंशी साली काढलं. पुढे दर आठ-दहा वर्षांनी गाव त्यांना बोलवायचं, थोडी भर घाला म्हणायचं. नंदुरबार जिल्हा वेगळा झाला तेव्हा चौथ्या भिंतीवर जिल्ह्याची पाटी आली. कधी निवडणूक हरलेल्या एखाद्याचं तोंड केळीच्या पानाआड गेलं, कधी जिंकलेल्याचा फेटा वीतभर वाढला. मेहबूबची मुलगी अर्शिया लहानपणी शिडीच्या तळाशी बसून रंगाचे डबे सांभाळायची. तिला त्याचं हसू यायचं. अब्बा मात्र हसायचे नाहीत. ‘भिंत त्यांची आहे,’ एवढंच म्हणायचे.

अब्बा जाऊन चार वर्षं झाली. अर्शिया आता चव्वेचाळीसची होती. पाट्या रंगवायचा धंदा फ्लेक्सने खाल्ल्यावर ती म्हसावदपासून तोरणमाळपर्यंतच्या आश्रमशाळांच्या भिंती रंगवत फिरायची. सभागृहाला पंचेचाळीस वर्षं होणार म्हणून ते चालवणाऱ्या मंडळाचे अध्यक्ष हेमकांतभाई यांनी तिला बोलावलं. म्हणाले, “धूर बसलाय सगळ्यावर. पंधरा दिवसांनी कार्यक्रम आहे. तुमच्या अब्बांचंच काम, तुम्हीच पुसा.”

दोन भिंती नीट स्वच्छ झाल्या. कापूस, टर्पेंटाईन, फडकं, आणि खालून अब्बांचे रंग जसेच्या तसे वर येत होते. चौथ्या दिवशी सकाळी तिने तिसरी भिंत घेतली.

या भिंतीवरची नाव तालुक्यात सगळ्यांना ठाऊक होती. मातकट पाण्यात सात माणसांची नाव, तिच्यात बांबू रोवून उभे असलेले चुडामणबापू, हेमकांतभाईंचे वडील. पांढरं धोतर, पांढरा फेटा. त्यांच्या पायाशी तरुण जसोदाबाई, पदराखाली सहा महिन्यांचं मूल. ते मूल म्हणजे खुद्द हेमकांतभाई. दर ऑगस्टमध्ये ते शाळेच्या मुलांना या नावेखाली बसवायचे आणि बापूंनी तीन फेऱ्यांत सगळा गाव कसा काढला ते सांगायचे.

अर्शियाने फेट्यावर कापूस फिरवला आणि फेटा कापसाला लागून आला.

टर्पेंटाईनचं प्रमाण चुकलं, चित्र आपल्या हातून गेलं, असंच तिला वाटलं. तिने शिडीची दांडी धरली. मग तिने जवळून पाहिलं. फेट्याखाली भिंत नव्हती, काळे कुरळे केस होते.

एवढ्या वर्षांचा तेलरंग असा निघत नाही, हे तिला पक्कं माहीत होतं. तिने नखाने कड उचलली. दोन रंगांच्या मध्ये वार्निशचा जाड थर होता, आणि तो घासलेला नव्हता. वार्निशवर पॉलिश पेपर मारल्याशिवाय रंग धरत नाही, हे तिला शिकवलं कोणी, तर अब्बांनी. पानाच्या टपरीची पाटी तिने न घासता रंगवली होती तेव्हा त्यांनी ती पूर्ण खरवडायला लावली होती. आणि इथे त्यांनी स्वतःच घासलं नव्हतं. विसरले असतील, हे तिला पटेना.

दुपारपर्यंत ती न जेवता पुसत राहिली. धोतर गेलं, गोरे दंड गेले. खालून लंगोटी नेसलेला एक काटक, काळासावळा माणूस निघाला. त्याच्या पायाशी, जशाच्या तशा राहिलेल्या जसोदाबाईंशेजारी, आठ-दहा वर्षांची मुलगी डब्याने नावेतलं पाणी बाहेर टाकत होती. चुडामणबापूही नावेतच होते, पण बाकीच्यांसारखे, काठ धरून बसलेले. आणि नावेच्या टोकाला लाकडी पेटी पोटाशी धरून बसलेला एक पोरगेला तरुण. डाव्या भुवईत वण.

तो वण अर्शियाने आयुष्यभर पाहिला होता. शेवटच्या आजारात त्याच भुवईवर तिने ओल्या फडक्याच्या घड्या ठेवल्या होत्या.

ती शिडीच्या पायरीवर खाली बसली. अब्बा म्हणायचे, तापीचा पूर आम्ही शहाद्यात बसून पेपरात वाचला. घरात कितीदा तरी पुराचा विषय निघाला असेल, दरवेळी हेच.

“निंघना का तो?”

दारात फुलीबाई चहा घेऊन उभी होती. सभागृह झाडायचं काम चाळीस-पंचेचाळीस वर्षं तीच करत आली होती. साठी कधीच ओलांडलेली, वाळकी, कमी बोलणारी भिल्ल बाई.

“कोण, फुलीमावशी?”

“हाऊ मन्हा बाप. जान्या.” तिने कप खिडकीत ठेवला. “नी डबा लिसनी पानी काढस, ती मी.”

“तुमले म्हाईत व्हतं? याखाली हे आहे ते?”

“झाकं तवय रंगना डबा मीच धरेल व्हता.” आवाजात काही चढउतार नव्हता. “कोनले सांगू? ज्यासले म्हाईत व्हतं, त्यासले म्हाईतच व्हतं.” मग तिने नावेच्या उजवीकडे, नुसत्या पाण्याने भरलेल्या चार फुटांकडे बोट केलं. “आते तठे पुस.”

तिथे काही नाही असंच अर्शिया लहानपणापासून धरून चालली होती. पूर मोठा दिसावा म्हणून अब्बांनी पाणी मोकळं सोडलं असेल. तिने कापूस भिजवला. आधी काठ निघाला, मग काठावरचं निंबाचं झाड, मग तीच नाव पुन्हा, रिकामी. नावेचा दोर चुडामणबापूंनी दोन्ही हातांत आवळून धरला होता. काठावर माणसं उभी होती आणि एकही जण नदीकडे बघत नव्हता. पेटीवाला तरुण पेटीकडे बघत होता. पलीकडे पाण्यात एक डोकं आणि एक हात.

अर्शिया शिडीवरून खाली उतरली.

फुलीबाई जमिनीवर बसली आणि तिने सांगितलं, जेवढं लागतं तेवढंच. नाव चुडामणबापूंच्या घरची, पण चालवायची कला जान्याकडे. तीन फेऱ्या त्याने मारल्या, पाटलांची घरं काढली, देवळाचं दार रंगवायला आलेला शहाद्याचा पोरगा काढला. भिलाटी, म्हणजे भिल्लांची वस्ती, नदीला लागून, खोलात. तिथे छपरावर त्याची बायको आणि धाकटी मुलगी बसलेल्या काठावरून दिसत होत्या. तिसऱ्या फेरीनंतर तो तिकडे निघाला. चुडामणबापूंची म्हातारी आई अजून घराच्या माळ्यावर होती. त्यांनी दोर धरला. म्हणाले, पहिले मन्ही मायले आन, मंग तुन्हं घर.

“मन्हा बाप काही बोलना नही. त्यानी पानीमा उडी टाकी.”

“मग?”

“मंग काही नही.” फुलीबाई उठली. “नाव रातभर निंबले बांधेल व्हती. दुसरा कोनले चालाडता ये नही. त्यासनी माय माळावर चांगली व्हती. सकाय पानी उतरनं, तवय आपला पायवर खाले उतरनी.”

संध्याकाळी चारला हेमकांतभाई काम बघायला आले. छप्पन्न वर्षांचा भारदस्त माणूस, बोलणं नेहमी मोठ्याने. तिसऱ्या भिंतीपाशी येऊन ते थांबले. बराच वेळ त्यांना समजलंच नाही की आपण काय बघतोय.

“हे तुम्ही नवीन काढलंत?”

“नाही भाई. हे खालचं आहे.”

“कोणी सांगितलं तुम्हाला काढायला?”

तिने भिजवलेला कापूस त्यांच्या हातात दिला. “तुम्ही स्वतः पुसून बघा. मी आज काढलेलं असेल तर लगेच निघेल.”

त्यांनी दोराच्या मुठीवर कापूस घासला. आधी हलक्याने, मग जोर लावून. कापूस पांढराच राहिला. त्यांनी पदराखालच्या मुलावर घासलं. तेही हललं नाही. ते बोलले तेव्हा अर्शियाला ऐकायला पुढे सरकावं लागलं.

“उद्यापर्यंत होतं तसं करून टाका.”

“मन्हा बापले तुमी एकदाव झाकेल शे,” दाराशी झाडू घेऊन उभी असलेली फुलीबाई म्हणाली. हेमकांतभाईंनी वळून पाहिलं. ही बाई या घराण्याशी कधी काही बोलेल असं त्यांच्या मनातही आलं नसावं. ते निघून गेले.

अर्शिया त्या दिवशी शहाद्याला परतली ती अब्बांवर चिडून. एकोणऐंशीत सगळं काढलं आणि मग स्वतःच्या हाताने झाकलं. काठावर उभे राहिले तसेच शिडीवरही उभे राहिले. तिने त्यांची लाकडी पेटी माळ्यावरून काढली आणि ती उघडायची हिंमत न होऊन तशीच ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पोचली तेव्हा सभागृहाच्या मधोमध खुर्चीत जसोदाबाई बसल्या होत्या. वय अठ्ठ्याहत्तर, नजर अजून शाबूत. हेमकांतभाई बाजूला उभे होते. आई एकदा म्हणेल की हे खोटं आहे, एवढ्यासाठीच त्यांनी तिला आणलं होतं, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं. फुलीबाई नेहमीच्या जागी, दाराशी.

म्हातारीने भिंत खूप वेळ पाहिली.

“चुकेल शे,” त्या म्हणाल्या.

हेमकांतभाईंनी श्वास सोडला.

“त्यासनी दोर दोन्ही हातमा नही धरा. एक हातमा दोर व्हता, दुसरा हातमा मन्हं मनगट. मी म्हनत व्हती, सोडा, जाऊ द्या त्याले.” त्यांनी आपलं उजवं मनगट डाव्या हाताने झाकलं. “मेहबूब खाले दखी ऱ्हायंता. त्याले हाई कसं दिसी?”

हेमकांतभाईंनी त्या मनगटाकडे पाहिलं.

“मग हे झाकलं कोणी, माय?” हेमकांतभाईंनी विचारलं. “बापूंनी?”

“तुन्हा बापूनी उद्घाटनना आदला दिन दखं नी घर ऊना. काही बोलना नही, जेवना नही. झाकाले मी सांगं.” त्यांनी पहिल्यांदा मुलाकडे पाहिलं. “तू अकरा वरीसना व्हता. नंदुरबारनी शायामातून दुसरे दिन येनार व्हता. तू ईचारं आस्तं, तर माले खोटं बोलता उनं नस्तं. मेहबूब नही म्हने. मी त्याना पाय धरात. मंग त्यानी रातमा झाकं, नी सकाय माले सांगं, हाई टिकाव नही.”

टिकणार नाही. अर्शियाने वार्निशकडे पाहिलं. राग उतरला असं नाही, पण आता तो नेमका कोणावर करावा ते तिला कळेना.

हेमकांतभाई खाली बसले, सरळ फरशीवर, पांढऱ्या कपड्यांनिशी. पंचेचाळीस वर्षं एक अख्खी भिंत आपल्यासाठी खोटी उभी होती आणि तिच्याखाली आपण दरवर्षी मुलांना गोष्ट सांगत होतो, हे त्यांच्या डोक्यात शिरत होतं. जसोदाबाईंनी फुलीबाईकडे हात पुढे केला. फुलीबाईने तो घेतला नाही. तिने चहाचे कप उचलले आणि बाहेर गेली.

कार्यक्रमाला भिंत उघडीच होती. झाका म्हणून भाऊबंद दोनदा घरी येऊन गेले, हेमकांतभाई त्यांना भेटले नाहीत. त्या दिवशी ते व्यासपीठावर चढले नाहीत, नावेखाली उभे राहिले आणि कागदाशिवाय बोलले. “नाव बापूंनी चालवली नाही. जान्याने चालवली. मला त्याने काढलं, आणि त्याच्या घराकडे आम्ही नाव जाऊ दिली नाही.” पुढचं वाक्य त्यांना जमलं नाही. ते बसले. काही घरं न जेवता उठून गेली. जी राहिली ती भिंतीकडे तोंड करून गप जेवली. फुलीबाईला पुढच्या रांगेत खुर्ची ठेवली होती, ती शेवटपर्यंत रिकामी राहिली.

पुढे महिनाभर गावात भांडण चाललं. कोणीतरी नावेवर वाढदिवसाचा फ्लेक्स ठोकला. हेमकांतभाईंनी तो स्वतः उपटला.

अर्शिया राहून गेलेली चौथी भिंत संपवायला आली तेव्हा फुलीबाईने पहिल्यांदाच काही मागितलं. “मन्ही माय नी बहीन याम्हा नहीत.”

“अब्बांनी त्या छपराकडे पाहिलंच नव्हतं, मावशी. ते कसं काढणार? तुम्ही सांगा, मी काढते. कशा होत्या?”

फुलीबाईला आईचा चेहरा आठवेना. बहिणीचाही नाही. मग अर्शियाने छप्पर काढलं, आणि त्यावर पाठमोऱ्या दोघी, एक मोठी, एक तिला बिलगलेली. आईला हिरवं लुगडं दिलं, पाण्याच्या मातकट रंगावर उठून दिसेल म्हणून.

फुलीबाई झाडू भिंतीला टेकवून समोर उभी राहिली. एकदम तिने तोंडावर हात धरला. अर्शिया घाबरून शिडीवरून उतरली.

“हिरवं नही वं,” फुलीबाई म्हणाली. “निळं व्हतं. निळं. नी काठ लाल.”

अर्शियाने निळ्याचा डबा उघडला.