फुंकरीचं मलम

कापडदुकानाच्या वरचा हॉल गच्च भरला होता. जिन्यावरही माणसं दाटीवाटीने उभी होती. मंचावर बसलेल्या बाबांनी मलमाची पत्र्याची डबी ओठांजवळ नेली, डोळे मिटले आणि लांबलचक फुंकर मारली.

"डॉक्टर कातडी बघतो, आम्ही आतला माणूस बघतो! फक्त शंका नको. शंका आली की मलमाचं पाणी झालंच समजा!"

सोय मोठी नामी होती. इसब गेला तर बाबांच्या फुंकरीने, उलटला तर तुमच्या शंकेने.

शिवणकाम करणारी एक आई लेकीला घेऊन कोपऱ्यात बसली होती. तान्हेपणापासून पोरगी कोपर आणि मान खाजवून रक्त काढायची. पहिल्या डबीने कातडी लख्ख झाली, तेव्हा आईला रडू आवरलं नव्हतं. पण पुढे कोपरावरची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ झाली, खालच्या लाल शिरा दिसू लागल्या. एक दिवस मलम चुकलं की आग आग व्हायची.

"वहिनी, तुमच्याच मनात पाल चुकचुकली असणार," नणंद म्हणाली. ती बाबांची सेविका होती. डब्यांची खोकी तिच्याच ताब्यात असायची.

आई स्वतःलाच दोष देत राहिली. एकदा अंघोळ घालताना लेक कळवळून म्हणाली, "आई, तू शंका नको ना घेऊस. मला खूप दुखतं गं."

दुसऱ्या दिवशी आई तिला घेऊन त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली. नणंदही तणतणत सोबत आली.

बाईंनी बिननावाची डबी पाहिली आणि तपासायला पाठवली. नणंद उसळली, "तपासता काय? गुण फुंकरीचा आहे! माझ्याच हातांवर बघा!" भांडी घासून तिचे हात भेगाळलेले होते. मलम तीही लावायची.

"बघू या," बाई म्हणाल्या. "साध्या पेट्रोलियम जेलीवर बाबांची फुंकर घ्या, ती उजव्या हाताला लावा. खोक्यातलं मलम फुंकरीशिवाय डाव्या हाताला. थोडेच दिवस हं."

नणंदेने श्रद्धेने दोन्ही लावलं. डावा हात गुळगुळीत झाला. उजव्याच्या भेगा तशाच राहिल्या.

पुढच्या सभेला आई डॉक्टरीणबाईंना घेऊन आली, आणि नणंद स्वतःच मंचावर चढली. दोन्ही हात वर करून तिने सगळं सांगितलं.

"शंका!" बाबा गरजले. "हिच्या मनात शंका शिरली!"

"शंका नव्हती हो बाबा," ती म्हणाली. "फुंकर जिंकावी म्हणून मी हात जोडून बसले होते."

मग डॉक्टरीणबाई बोलल्या, "डबीत तीव्र स्टिरॉइड निघालंय. खाज झटकन दबते, पण महिनोन्‌महिने लावलं तर कातडी झिजते, आणि सोडलं की रोग दुप्पट उसळतो. स्टिरॉइड आम्हीही देतो. पण किती, कुठे, किती दिवस, ते सांगून. यांनी ते लपवून दिलं."

बाबा मागच्या दाराने निघून गेले. काही लोक आईवरच खेकसले, "आमचं चांगलं चाललं होतं, ते बघवलं नाही तुम्हाला!" नणंद जिन्यात बसून रडत होती. "माझ्याच हातांनी हे वाटलं गं वहिनी, पोरांच्या अंगाला लावायला." आई तिच्याजवळ बसून राहिली.

पोरीचे पुढचे दिवस वाईट गेले. बाईंच्या देखरेखीखाली ते स्टिरॉइड हळूहळू कमी करत सोडवावं लागलं. कोमट पाण्याची झटपट अंघोळ, सौम्य साबण, अंग टिपून ओलसर असतानाच साधं जाडसर मलम, मऊ सुती कपडे, कापलेली नखं. रोज तेच. इसब पुरता गेला नाही, अजूनही अधूनमधून उसळतो. पण आता पोरगी शाळेत बाही दुमडून बसते.

ज्या औषधाला प्रश्न विचारलेला चालत नाही, ते लेकराच्या अंगाला लावू नका. डबीत काय आहे, ते विचारा. उत्तराऐवजी तुमच्याच मनात खोट काढली, तर तिथून उठा आणि डॉक्टरकडे जा.