घारग्यांचं गुपित

जाण्याच्या आदल्या दिवशी वनमालाबाई लाल भोपळा किसत होत्या. दुसऱ्या दिवशी नातीचा भोंडला. खिरापतीला घारगे, हे फक्त घरातल्या तिघींना ठाऊक होतं: त्यांना, त्यांच्या लेकीला अपर्णाला आणि आठ वर्षांच्या अंतराला.

"तुझी ती गरिमा काय आवडीनं खायची घारगे," त्या म्हणाल्या. "एकाएकी यायचीच बंद झाली. का गं?"

"कोण जाणे," म्हणत अपर्णानं गूळ चिरायला घेतला. उत्तर तिला तीस वर्षांपासून माहीत होतं. उद्या भोंडला उरकला की सांगू, असं तिनं मनाशी ठरवलं.

तेवढ्यात अंतराच्या हातून कप फुटला आणि तिनं आळ मांजरावर ढकलला. अपर्णा दरडावणार, तोच आईनं किसणीचा हात वर केला.

"थांब. ओरडलीस तर ती दुसरं खोटं रचेल. आधी आपलं एखादं सांगावं."

आणि त्यांनी नातीला सासूबाईंची लोणच्याची बरणी फोडून वानराचं नाव घेतल्याची गोष्ट सांगितली. वानर गच्चीवरून पळायच्या आत अंतरानं कप कबूल केला होता.

पहाटे त्या झोपेतच गेल्या. भोंडला राहिला.

वर्ष सरलं. यंदा अंतराचे पाय आठवडाभर जमिनीला लागले नाहीत. पाटावर तांदळाचा हत्ती तिनं स्वतः काढला, त्याची सोंड तीनदा पुसली. तिची जिवलग मैत्रीण निधी दुपारीच मदतीला आली होती. संध्याकाळी जयेंद्रगंजातली ती लहानशी गच्ची नऊ पोरींनी दणाणून गेली. अंतरा सोडली तर सगळ्या हिंदी घरांतल्या, मराठी कुणालाच धड येत नव्हतं. तरी हत्तीभोवती फेर धरून त्या अशा तारस्वरात गात होत्या, की शेजारचे सदाशिवराव चहाचा कप घेऊन कठड्याशी येऊन उभे राहिले.

मग झाकलेला डबा आला. अपर्णानं तो कानाशी खुळखुळवला. "ओळखा. गोड की तिखट?"

"घारगे," सात जणी एकदम म्हणाल्या.

अपर्णा डबा धरून उभीच राहिली. समोसा म्हणतील, लड्डू म्हणतील, पण घारगे हा शब्द या पोरींच्या घरात कुणी उच्चारलाही नसेल.

"कुणी सांगितलं?"

पोरी एकमेकींकडे बघू लागल्या. अंतरा घाईनं म्हणाली, "निधी दुपारी आली होती ना. तिनंच बघितलं असणार."

"मैंने किसी को कुछ नहीं बताया, आंटी," निधी म्हणाली. ती जिन्याकडे जाऊन चपला शोधू लागली.

अंतराचा अंगठा मुठीत दडलेला होता. कपाच्या दिवशीही तो तसाच होता. अपर्णाच्या तोंडाशी रागाचं वाक्य आलं. ते तिनं गिळलं आणि पाटाशेजारी बसली.

"मी तुमच्याएवढी होते, तेव्हा खिरापत काय आहे ते मला पोटात ठेववलं नाही. सगळ्यांना सांगून मोकळी झाले. आईनं विचारलं तर गरिमाचं नाव घेतलं. गरिमा चपला घालून गेली. पुन्हा कधी आलीच नाही."

अंतरानं जिन्याकडे पाहिलं. निधीची एक चप्पल पायात होती.

"शाळेच्या व्हॅनमध्ये मी सांगितलं," अंतरा म्हणाली. "मुझसे रहा नहीं गया. सॉरी, निधी."

"पागल है तू," निधी नाक पुसत म्हणाली. "मेरा नाम क्यों लिया?" उत्तराची वाट बघत ती तशीच उभी राहिली. अंतरा जिन्याशी गेली आणि निधीची दुसरी चप्पल पाठीमागे लपवून उभी राहिली. निधीला हसू फुटलं. "चल, डिब्बा खोल."

मग काय, डब्यावर झुंबडच उडाली. एकीनं पदार्थाचं नाव पुन्हा विचारलं, दुसरीनं सदाशिवरावांना कठड्यावरून घारगा दिला. आई नेहमी ठेवायची तसा अपर्णानंही एक घारगा जास्तीचा काढून ठेवला होता. तो घेऊन ती खाली दिवाणखान्यात आली. वरच्या धावपळीनं छत हादरत होतं. आईच्या फोटोसमोर बशी ठेवून ती स्पष्ट आवाजात म्हणाली,

"आई, त्या वर्षी मीच सांगितलं होतं. गरिमानं नाही."