सहीआधीची ओळ

वच्छलाबाई घरातली सगळी भांडी पाण्याने भरून ठेवतात, म्हणून मुलाने त्यांना आमच्या समुपदेशन केंद्रात आणले. मी नोंद लिहिली : ‘पाणी साठवण्याचा अतिरेक. भीती निराधार.’ माझी सही झाली की डॉक्टर गोळ्या सुरू करणार होते.

सहीआधी नोंद त्या माणसालाच वाचून दाखवण्याची आमची रीत आहे. मी संकोचत वाचली. त्या हसल्या.

“साहेब, तुमच्याकडं नळ कवा येतो?”

“आमच्या इमारतीला बोअर आहे.”

“मंग बरोबर. आमच्या गल्लीत आठव्या दिवशी येतो. मला घेऊन आलेलं पोरगं त्याच साठवलेल्या पाण्यानं आंघोळ करून आलंय.”

मी एका रेघेने ती ओळ खोडली आणि खाली लिहिले : ‘सवय परिस्थितीला धरून आहे. औषधाची गरज नाही.’

निरोगी माणसाला आजारी ठरवता ठरवता मी वाचलो होतो. मग मी सही केली.