एक ठोका आधी

रविवारी दुपारी बारा वाजता आमची फुकटाची मुदत संपणार होती आणि सकाळी नऊ वाजता मी बैठकीच्या खोलीत सोफा ढकलत होतो. मधल्या उशीवर बसलं की दोन्ही स्पीकर डोक्यापासून सारख्याच अंतरावर यावेत, एवढीच माझी माफक अपेक्षा होती. बायकोच्या मते गेल्या महिनाभरात त्या सोफ्याने आमच्या अख्ख्या कुटुंबापेक्षा जास्त प्रवास केला आहे.

"अहो, गाणी ऐकायचीत की घर बदलायचंय?" तिने विचारलं. मापं घेताना मी कुणाशी बोलत नाही.

मी चष्मेवाला आहे. दिवसभर लोकांच्या नाकावर ती जड गोल फ्रेम ठेवून, तिच्यात काचा बदलत विचारत असतो, "हे स्पष्ट की हे? पहिलं की दुसरं?" इंटरनेटवरून घरच्या यंत्रावर संगीत वाजवणाऱ्या तीन कंपन्यांपैकी एक निवडायची वेळ आली, तेव्हा मला वाटलं, हा तर आपल्या डाव्या हातचा मळ. तिन्ही कंपन्यांचा दावा एकच होता: स्टुडिओत जसं रेकॉर्ड झालं तसंच, काहीही न गाळता, उच्च दर्जाचं. तिघींनीही महिनाभर फुकट वापरायला दिलं होतं. लक्षात राहावं म्हणून घरात आम्ही त्यांना चिन्हांच्या रंगांवरून नावं दिली होती. मोरपंखी, जांभळी आणि काळी. चोवीस बिट आणि एकशे ब्याण्णव किलोहर्ट्झ हे आवाजाच्या दर्जाचे आकडे मी झोपेतही बडबडतो, असं बायको शेजाऱ्यांना सांगते. सांगू दे.

हा सगळा खटाटोप अण्णांसाठी होता. अण्णा म्हणजे माझे सासरे. चौतीस वर्षं त्यांनी शहराच्या वाद्यवृंदात डबल बेस वाजवला. डबल बेस म्हणजे व्हायोलिनच्या घराण्यातलं सगळ्यात अवाढव्य वाद्य, उभं राहून वाजवायचं, आणि अण्णा मुळात ठेंगणे, त्यामुळे ते वाद्य त्यांच्याहून चांगलं हातभर उंच. निवृत्तीनंतर बोटं आखडली, वाद्य एका विद्यार्थ्याला देऊन टाकलं आणि दोन वर्षांपूर्वी ते आमच्याकडे राहायला आले. आले, आणि माझ्या लक्षात आलं की घरात संगीत लागलं रे लागलं की हा माणूस उठून जातो.

"यात आम्ही नाहीच," फोनमधून येणाऱ्या आवाजाकडे बोट दाखवून ते म्हणाले होते. "मग ऐकायचं काय?"

ते बोलणं माझ्या काळजाला लागलं. खरंच होतं ते. लहान स्पीकरला खालचे सूर झेपतच नाहीत. ज्या माणसाने आयुष्यभर तेच सूर वाजवले, त्याला आपल्याच घरात स्वतःचा आवाज ऐकू येऊ नये? मी पेटलोच. कमरेएवढे स्पीकर आणले, अॅम्प्लिफायर आणला, इंटरनेटवरून संगीत ओढून घेणारी छोटी पेटी आणली. पहिल्या दिवशी बेसच्या सुरांनी जमीन थरथरली तेव्हा मी हवेत होतो. अण्णांनी दारातून डोकं आत घातलं, "छान आहे" म्हणाले आणि जे न्हाणीघरात गेले ते पाऊण तास बाहेर आले नाहीत.

याचा अर्थ मी असा काढला की आवाज अजून पुरेसा चांगला नाही. कुठली तरी एक कंपनी अशी असेल की तिचं ऐकून अण्णा बसतील. माझी एवढीच इच्छा होती. एकदा त्यांनी खोलीत यावं, बसावं आणि उठून जाऊ नये.

तर रविवारी सकाळी अंतिम परीक्षा. माझी लेक दुकानात माझ्याबरोबरच काम करते, फ्रेम बसवण्यात तिचा हात धरणारं कुणी नाही. ती टॅब्लेट घेऊन सोफ्याच्या मागे उभी राहिली. बायको वही घेऊन जेवणाच्या टेबलाशी बसली. मोठा आवाज नेहमी चांगलाच वाटतो, म्हणून तिघींचा आवाज मी आधी मोजून सारखा करून घेतला होता. डोळे मिटले आणि म्हणालो, "लाव. कुठली ते सांगू नकोस."

पहिली वाजली. मी कपाळाला आठ्या घातल्या. "कोरडं आहे. व्हायोलिनवर धूळ बसलीय. सहा गुण."

"लिहिले सहा," बायको म्हणाली.

दुसरी वाजली आणि माझ्या अंगावर काटा आला. "अहाहा! बघा, याला म्हणतात आवाज! सगळी वाद्यं सुटी सुटी झाली, मागची भिंत दिसायला लागली. नऊ! नाही, साडेनऊ लिही!"

सोफ्यामागून फिस्सकन हसू आलं.

"बाबा," लेक म्हणाली, "दोन्ही वेळा जांभळीच होती."

आता ही काय भानगड आहे ते सांगायला हवं. दुकानात एखादं गिऱ्हाईक फार चोखंदळ निघालं, की मी फ्रेममधली काच काढतो आणि तीच काच पुन्हा घालतो. "आता?" "हो हो, आता कितीतरी स्पष्ट!" असं म्हणालं की समजायचं, आता डोळा बोलत नाहीये, मन बोलतंय. ही युक्ती मी लेकीला पहिल्याच आठवड्यात शिकवली होती. किती कौतुकाने शिकवली होती!

"माझीच युक्ती माझ्यावर?" मी ओरडलो आणि उशी फेकली. ती तिला न लागता कुंडीला लागली. बायको टेबलावर डोकं ठेवून हसत होती. महिनाभराची मेहनत, मापं, तक्ते, सगळ्यावर पाणी! मला स्वतःचा असा राग आला की कान गरम झाले.

"एकच होतं," दारातून आवाज आला.

अण्णा. खांद्यावर टॉवेल, एक पाय आत, एक पाय बाहेर.

"दोन्ही वेळा एकच. चार बेस आहेत त्यात. चौथा जरा मागे रेंगाळतोय, दोन्हीकडे तस्साच."

मी त्यांच्याकडे बघतच राहिलो. म्हणजे हे महाशय महिनाभर घरातल्या बोळात उभे राहून ऐकत होते!

"अण्णा! म्हणजे यात तुम्ही लोक ऐकू येता?"

"येतो ना," ते म्हणाले. "स्वच्छ येतो."

मी आनंदाने उडीच मारणार होतो, पण त्यांचा चेहरा पाहिला. माणूस डॉक्टरचा रिपोर्ट सांगतो तसं बोलले होते ते.

तेवढ्यात लेकीने टॅब्लेटवर काहीतरी टाइप केलं होतं. "आजोबा! तुमचा वाद्यवृंद आहे इथे! नगरसभागृहातला कार्यक्रम, एक्केचाळीस वर्षांपूर्वीचा. यात तुम्ही आहात ना?"

"ते लावू नकोस."

आमच्या घरात अण्णांचा आवाज कधी चढत नाही. तेव्हाही चढला नाही, पण लेकीचं बोट होतं तिथेच थांबलं. बायकोने वही मिटली.

"काय झालं, अण्णा?" तिने विचारलं.

अण्णा सोफ्याच्या हातावर टेकले. टॉवेलची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली.

"त्यातल्या रचनेच्या तिसऱ्या भागात एक जागा आहे," ते म्हणाले. "सगळा वाद्यवृंद एकदम थांबतो. पूर्ण शांतता. चार ठोके मनात मोजायचे आणि मग बेसने एकच सूर छेडायचा, बोटाने. सगळं सभागृह श्वास रोखून. मी तीन मोजले."

त्यांनी तीन बोटं वर धरली.

"एक ठोका आधी. हजार माणसांच्या शांततेत, धप्प! आणि रेकॉर्डिंग चालू. दुसऱ्या दिवशी तालमीला संचालक म्हणाले, काल एक पाहुणा लवकर आला. सगळे हसले, मीही हसलो. त्यानंतर मी सतरा वर्षं वाजवलं, पण ते रेकॉर्डिंग ऐकलं नाही. नंतर नंतर वाटायला लागलं, कुठलंही काही लागलं की कधीतरी तेही लागेल. तुमच्या त्या फोनवर बेस ऐकूच येत नाही म्हटल्यावर माझा जीव भांड्यात पडला होता, जावईबापू. आणि तुम्ही हे एवढाले खांब आणून उभे केलेत!"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्यापासून हा माणूस तोंड लपवत होता, तेच मी कौतुकाने, मापं घेऊन घेऊन, त्याच्या दारात आणून ठेवत होतो. मी उठलो आणि अॅम्प्लिफायर बंद करायला हात पुढे केला.

"राहू द्या," अण्णा म्हणाले. मग लेकीकडे वळून, "तिन्हींवर आहे का ते?"

"जांभळीवर नाही. मोरपंखीवर आणि काळीवर आहे."

"दोन्हींत फरक काय?"

हा प्रश्न मला होता. माझ्या अंगात पुन्हा जीव आला. "मोरपंखीवर जुनी प्रत दिसतेय, खरखर काढून टाकलेली. खरखरीबरोबर बारकावेही जातात. काळीवर मूळ टेपवरून नव्याने उतरवलंय."

"आधी जुनी लाव."

लेकीने थेट तिसऱ्या भागातली ती जागा काढली. वाद्यवृंद गरजला, थांबला. शांतता. धप्प. मग पुढचं संगीत.

"ऐकलंत?" अण्णांनी आमच्याकडे बघितलं.

"काय?" मी खरोखरच विचारलं. मला वाटलं, तसंच असेल ते. बायकोनेही मान हलवली. अण्णांना ते पटलं नाही, पण जरा बरं वाटलं असावं, कारण ते हातावरून सरकून सोफ्यावर आले.

"आता दुसरी लाव. होऊनच जाऊ दे."

काळीवर ती शांतता निराळीच होती. सभागृहात कुणीतरी खोकलं, कुठेतरी खुर्ची करकरली, एवढंच नव्हे तर माणसं बसलीत हेही ऐकू येत होतं. आणि मग तो सूर. पण या वेळी तो नुसता धप्प नव्हता. आधी एक बारीक झणझण, आणि तिला चिकटून धप्प.

अण्णांनी हात वर केला. "पुन्हा."

झण-धप्प.

"पुन्हा!"

झण-धप्प.

अण्णा ताडकन उठले. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस, गुडघेदुखीचा, ताडकन!

"दोन आहेत!" ते ओरडले. "दोन सूर आहेत ते! माझी तार झणझणत नव्हती, कधीच नाही! झणझणायची ती उंटाची! रोज सांगायचो त्याला, तुझी तार फळीला लागतेय, नीट करून घे! तो आधी आला, पोरी! तो आधी आला आणि मी त्याच्या मागोमाग गेलो! फोन! माझा फोन कुठाय?"

उंट म्हणजे त्यांच्या शेजारी उभा राहून वाजवणारा जोडीदार. उंच, लांब मानेचा, म्हणून उंट. मी त्यांना दोनदा भेटलो आहे. अण्णा नेहमी फोन स्पीकरवर टाकूनच बोलतात, त्यामुळे पुढचं सगळं आम्हाला ऐकू आलं.

"उंटा! नगरसभागृह! तिसरा भाग! तू आधी आलास!"

पलीकडे आधी टीव्ही बंद झाल्याचा आवाज आला.

"तू ऐकलंस ते?" पलीकडून घोगरा आवाज आला. "शेवटी ऐकलंस तू. बुटक्या, तुला तेव्हाच सांगायला हवं होतं. पण साहेब तालमीत बोलले, सगळे हसले, तूही हसलास. माझी हिंमतच झाली नाही. ते रेकॉर्डिंग मी आजतागायत लावलेलं नाही."

"अरे, मीही आलो होतो आधी! तुझ्या मागोमाग!"

"तू?" घोगरा आवाज एकदम चढला. "तू चुकला होतास? तू?"

"मग! मला वाटायचं मी एकटाच!"

"मला वाटायचं मी एकटाच!"

आणि मग दोघंही हसायला लागले. धाप लागेपर्यंत, खोकला येईपर्यंत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. बायको उठून बापाच्या पाठीवरून हात फिरवायला लागली. मी उगाचच एक वायर काढून पुन्हा घातली. शेवटी उंटकाकांनी विचारलं, ती काळी की कुठली ती, आमच्याकडे कशी लावायची? लेकीने फोन घेतला आणि त्यांना एकेक पायरी समजावून सांगत आतल्या खोलीत गेली.

मी घाईघाईने टॅब्लेट उचलला. "अण्णा, मग काळीच घ्यायची ना? एकदा हो म्हणा. साडेनऊ गुण, दहा गुण, काय ते सांगा!"

"ते तुमचं तुम्ही बघा," अण्णा डोळे पुसत म्हणाले. ते सोफ्यावर बसले, पाय पसरले, आणि स्पीकरकडे तोंड करून, कधी सुरू होतंय याची वाट बघायला लागले.

"तीच जागा लावू?" मी विचारलं.

"नको. पहिल्यापासून लावा, आणि मध्ये थांबवू नका. त्या दिवशी त्या ठोक्याच्या पुढचं मला काहीच ऐकू आलं नव्हतं."