गोड लागणारं पाणी

फोरमन मोठा हिकमती माणूस, पण हिकमत कुठे आवरायची हे काही त्याला कधी कळलं नाही. प्लँटमधला उंच टॉवर म्हणजे त्याचा जीव की प्राण. अणुभट्टीतून आलेल्या जड पाण्यात ट्रिटियम हे किरणोत्सारी द्रव्य मुरलेलं असतं. ते पाणी टॉवरच्या माथ्यावरून सोडायचं, बुडातून वायू चढवायचा आणि मध्ये उत्प्रेरकाच्या थरांवर दोघांची गाठ घालून द्यायची. "पाण्याची पीडा वायूच्या गळ्यात मारायची, बस," असं तो नव्या लोकांना सांगे.

त्या आठवड्यात टॉवरच्या बुडाशी एक व्हॉल्व्ह ठिबकायला लागला. हवा पुरवणारा संरक्षक सूट चढवायचा कंटाळा आला, म्हणून पठ्ठ्यानं उघड्या हातांनीच नट आवळला. मग मात्र त्याला प्लँटवरची तपासणी आठवली. ट्रिटियम कातडीतूनही आत शिरतं आणि लघवीच्या नमुन्यात सापडतं. आकडा चढला की टॉवरवरून उचलबांगडी, आणि मग ऑफिसात खुर्ची उबवत बसा! छे, ते त्याला सोसणारं नव्हतं.

घरी बायकोनं डॉक्टरांसाठी लघवीचा नमुना काढून ठेवला होता. लग्नानंतर किती वर्षांनी दिवस गेले होते तिला! फोरमन तिला तळहाताच्या फोडासारखं जपत होता. नळाच्या पाण्यावर भरवसा नको म्हणून प्लँटच्या स्टोअरमधून डिस्टिल्ड पाण्याचे कॅन टॉवरच्या नावावर लिहून गुपचूप घरी आणायचा. ते फक्त तिच्यासाठी, स्वतः त्यातला घोटही घ्यायचा नाही.

"अहो, या खेपेचं पाणी जरा गोड लागतंय," ती म्हणाली.

"तुला आता सगळंच गोड लागणार," त्यानं चिडवलं. तिची पाठ वळताच तिच्या नमुन्याच्या बाटलीतलं थोडं आपल्या तपासणीच्या बाटलीत ओतलं आणि प्लँटवर नेऊन दिलं. काम फत्ते!

दुसऱ्या दिवशी स्टोअरसमोर कालवा चालला होता. "अणुभट्टीतून आलेल्या जड पाण्याचा एक कॅन कमी आणि डिस्टिल्डचा एक जास्त! कुणी हलवाहलव केली?" स्टोअरकीपर दिसेल त्याच्यावर खेकसत होता. फोरमननं कानाडोळा केला, कारण नमुने तपासणाऱ्या लॅबवाल्या बाईंनी तातडीनं बोलावलं होतं.

बाईंचा चेहरा उतरला होता. "फोरमन, काय करून बसलात? इतका आकडा मी जन्मात पाहिला नाही. हे कातडीतून शिरलेलं नाही, हे पोटात गेलंय! डॉक्टर येताहेत, तोवर पाणी प्या. जितकं प्याल तितकं लवकर बाहेर पडेल." त्यांनी पाण्याचा जग पुढे सरकवला.

"तो नमुना माझा नाही!" फोरमन बोलून गेला. स्टोअरकीपरचं ओरडणं आता कुठे त्याच्या डोक्यात शिरलं, आणि बायकोचं बोलणं आठवलं. जड पाणीच तर जिभेला गोड लागतं! देवा, हे काय झालं माझ्या हातून! त्यानं घरी फोन लावला.

"अगं, त्या कॅनमधलं पाणी पिऊ नकोस! थेंबभरही नको!"

"अहो, ओरडताय काय असं? सकाळीच डॉक्टरांचा फोन आला होता. बाळाभोवतीचं पाणी कमी आहे, भरपूर पाणी प्या म्हणाले. आत्ताच संपवला बघा कॅन. येताना दुसरा आणा. आणि हो, असाच आणा, गोड पाण्याचा."